धुळीच्या ध्रुवीभवनातून मेघाचे चुंबकीय क्षेत्र: आकडा नऊपट का फुगला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यात एम.एस्सी. (भौतिकशास्त्र) करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीचा (जेसीएमटी) पोल-२ या ध्रुवीभवन मोजणाऱ्या उपकरणाचा ८५० मायक्रोमीटरचा नकाशा घेतला. मेघ (ताऱ्यांमधला वायू-धुळीचा ढग) तंतूसारखा लांबट, अंतर सुमारे ३०० पार्सेक. ४ आर्कसेकंदांच्या पिक्सेलवर ३ × ३ ची चौकट फिरवून ध्रुवीभवनाच्या कोनांचा पसारा (मानक विचलन) ६ अंश मिळाला, १३-सीओ (कार्बन-१३ असलेला कार्बन मोनॉक्साइड) रेषेची रुंदी २ किमी/से घेतली, घनता १ लाख रेणू प्रति घन सेंमी धरली. उत्तर आले ९८० मायक्रोगाउस. अशा मेघांच्या शोधनिबंधांत शंभर-दोनशेच्या घरातले आकडे दिसतात. शिवाय प्लँक उपग्रहाच्या नकाशावर त्याच जागी क्षेत्राची दिशा भलतीच येते. चूक कुठे आहे, आणि ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे काम होण्यासारखे आहे का?

तुमची आकडेमोड बरोबर आहे. सूत्रात (ते पुढे दिले आहे) घातलेल्या तिन्ही संख्या मात्र एकाच बाजूला कललेल्या आहेत, आणि तिघींनी मिळून उत्तर जवळजवळ नऊपट फुगवले आहे. प्लँकची दिशा चुकण्याचे कारण वेगळे आहे, ते पुढे येईलच.

आधी हा आकडा स्वतःशीच भांडतो ते पाहा. मेघाचे वस्तुमान आणि त्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह यांचे गुणोत्तर क्रांतिक मूल्याच्या (ज्याच्या वर गुरुत्वाकर्षण जिंकते) किती पट आहे, हे काढायचे सोपे सूत्र आहे: ७.६ × १०^–२१ गुणिले स्तंभघनता (दृष्टिरेषेतले हायड्रोजन रेणू प्रति चौरस सेंमी) भागिले क्षेत्र (मायक्रोगाउस). १ लाख ही घनता तुम्ही तंतूच्या सर्वांत दाट बिंदूवरची स्तंभघनता, म्हणजे सुमारे ३ × १०^२२, घेऊन ०.१ पार्सेक जाडीने भागून काढलेली दिसते. ती स्तंभघनता आणि ९८० घातले की गुणोत्तर ०.२३ येते. याचा अर्थ गुरुत्वाकर्षणापेक्षा चुंबकीय आधार चौपटीहून जास्त, म्हणजे मेघ कोसळूच नये. पण ज्या मेघात आत्ता तारे जन्मत आहेत, ज्याच्या पोटात अवरक्त प्रकाशात चमकणारे आदितारे दिसतात, त्याला ०.२३ हे उत्तर शोभत नाही. ही तपासणी कागदावर अर्ध्या मिनिटाची आहे. ती प्रत्येक वेळी करा.

धूळ नेमके काय सांगते, हे एकदा पक्के करू. सज्जनगड-ठोसेघर रस्त्याने वर गेलात की चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या दिसतात. चक्की वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, त्यामुळे पात्यांची तबकडी वाऱ्याला काटकोनात असते. तबकडी कशी उभी आहे ते लांबून पाहिले की वाऱ्याची रेघ कळते, पण वारा पुढून येतो की मागून हे नुसत्या तबकडीच्या कलावरून ठरत नाही. धूलिकणांचेही तसेच आहे. लांबुडका कण स्वतःभोवती फिरतो आणि त्याचा आखूड अक्ष चुंबकीय क्षेत्राला समांतर होतो, लांब बाजू काटकोनात राहते. कण १०-२० केल्विन तापमानाला जी उष्णता सबमिलिमीटर लहरींत बाहेर टाकतो, ती लांब बाजूच्या दिशेने जास्त ध्रुवित असते. म्हणून उत्सर्जनातल्या ध्रुवीभवनाचा कोन ९० अंशांनी वळवला की क्षेत्राची दिशा मिळते, आणि तीही आकाशाच्या प्रतलावरचीच. ताऱ्याचा प्रकाश धुळीतून गाळून येतो तेव्हा मात्र उलट होते. लांब बाजूचा प्रकाश शोषला जातो, त्यामुळे उरलेला प्रकाश क्षेत्राला समांतर ध्रुवित असतो आणि तिथे कोन वळवायचा नसतो. १९४९ मध्ये हॉल आणि हिल्टनर यांनी तारकाप्रकाशाचे हे ध्रुवीभवन स्वतंत्रपणे शोधले. नैनितालच्या एरीज संस्थेतल्या दुर्बिणीवर होणारे दृश्यप्रकाशातले मोजमाप याच जातीचे. मेघाच्या विरळ कडेला ते कामाला येते, दाट गाभ्यातून मात्र तारेच दिसत नाहीत. तुमच्या प्रबंधात दोन्ही प्रकारच्या रेघा एकाच चित्रावर आल्या, तर कुठली वळवली आणि कुठली नाही ते चित्राखालीच लिहा.

आता दिशा. तुमचा प्लँकचा घोळ बहुधा एका उणे चिन्हाचा आहे. प्लँकचे नकाशे हीलपिक्स या आकाश-नकाशांच्या मांडणीच्या संकेताने दिले जातात, तर खगोलशास्त्रज्ञांचा आंतरराष्ट्रीय संकेत उत्तरेकडून पूर्वेकडे कोन मोजतो. ध्रुवीभवन क्यू आणि यू या दोन स्टोक्स राशींत लिहितात, आणि दोन्ही संकेतांत यू चे चिन्ह उलटे असते. म्हणून प्लँकसाठी ध्रुवीभवनाचा कोन = अर्धा × आर्कटॅन-टू (उणे यू, क्यू), आणि त्यात ९० मिळवले की क्षेत्र. उणे चिन्ह राहिले तर सगळ्या रेघा उत्तर-दक्षिण रेषेभोवती आरशात पाहिल्यासारख्या उलटतात. चकवा असा की कोन ० किंवा ९० च्या जवळ असेल तर चूक दिसतच नाही, ४५ च्या जवळ असेल तर थेट ९० अंशांचा फरक पडतो. दुसरी गोष्ट, प्लँकचा कोन आकाशगंगेच्या उत्तर ध्रुवापासून मोजलेला आहे आणि पोल-२ चा विषुववृत्तीय उत्तरेपासून. प्रत्येक पिक्सेलवर या दोन उत्तरांमधला कोन वेगळा असतो. अॅस्ट्रोपाय या पायथनच्या साधनसंचात त्या बिंदूपासून खगोलीय उत्तर ध्रुवाकडचा कोन गॅलॅक्टिक चौकटीत काढा आणि प्लँकच्या कोनातून वजा करा. नकाशा नुसता विषुववृत्तीय चौकटीत प्रक्षेपित केल्याने क्यू आणि यू वळत नाहीत. प्रक्षेपण फक्त पिक्सेलची जागा हलवते, त्याच्या आतली दिशा जुन्याच चौकटीत राहते. ही चूक फार जण करतात, कारण चित्र दिसायला नीटनेटकेच दिसते.

हे दोन्ही सुधारूनही प्लँक आणि पोल-२ यांत फरक राहिला तर घाबरू नका, तो खरा असू शकतो. प्लँकचा ३५३ गिगाहर्ट्झचा बीम (दुर्बिणीला वेगळा ओळखू येणारा सर्वांत लहान ठिपका) सुमारे ५ आर्कमिनिटांचा आहे, ३०० पार्सेकवर तो ०.४ पार्सेकहून मोठा होतो. तुमचा ०.१ पार्सेक जाडीचा तंतू त्यात पुरता बुडतो, म्हणजे प्लँक तुम्हाला भोवतालच्या विरळ आवरणाचे क्षेत्र दाखवतो. पोल-२ चा १४.१ आर्कसेकंदांचा बीम त्याच अंतरावर ०.०२ पार्सेक, म्हणजे तंतूच्या जाडीत पाचेक बीम बसतात. प्लँकच्याच अभ्यासात जवळच्या मेघांमध्ये असे दिसले की विरळ भागात धुळीच्या रचना क्षेत्राला समांतर असतात आणि स्तंभघनता (हायड्रोजन अणूंची) सुमारे ५ × १०^२१ च्या पुढे गेली की आडव्या होऊ लागतात. आवरण आणि तंतू यांतला फरक हा तुमच्या प्रकल्पाचा निष्कर्षच ठरू शकेल. पण आधी चिन्ह तपासा.

रेघा काढताना आणखी दोन गोष्टी. नुसता आर्कटॅन वापरू नका, क्यू ऋण असेल तिथे तो चुकीच्या चतुर्थांशात नेतो. आणि आकाशाच्या चित्रात पूर्व डावीकडे असते, म्हणून मॅटप्लॉटलिबमध्ये आडवा घटक उणे साइन आणि उभा घटक कोसाइन घ्या, बाणाचे टोक शून्य करा, रेघ मधोमध टेकवा. बाणाचे टोक ठेवले की नसलेली माहिती दाखवल्यासारखे होते. सगळे बरोबर जमले की नाही हे पाहायला मृगातल्या ओएमसी-१ या मेघाचा नकाशा त्याच प्रोग्रॅममधून काढून बघा. तिथे क्षेत्राची मुख्य दिशा वायव्य-आग्नेय आणि कंबरेत आवळलेल्या डमरूसारखी आहे. तुमच्या चित्रात ती ईशान्य-नैऋत्य दिसली तर चिन्ह किंवा ९० अंश, दोहोंपैकी एक चुकले आहे.

आता कोनांवरचा नॉइज. ध्रुवित तीव्रता ही क्यू आणि यू यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ असते, त्यामुळे ती कधीच ऋण होत नाही. जिथे ध्रुवीभवन अजिबात नाही तिथेही नुसत्या नॉइजमुळे ती धन येते. म्हणून वर्गांच्या बेरजेतून क्यू आणि यू यांच्या त्रुटींच्या वर्गांची सरासरी वजा करून मगच वर्गमूळ घ्या. वजाबाकी ऋण आली तर ती रेघ टाकून द्या. कोनाची त्रुटी अंशांत २८.६५ भागिले ध्रुवीभवनाचे सिग्नल-नॉइज गुणोत्तर. गुणोत्तर ३ असेल तर ९.५ अंश, ५ असेल तर ५.७. एकूण तीव्रतेचे गुणोत्तर १० च्या वर, ध्रुवीभवनाचे ३ च्या वर आणि ध्रुवीभवनाच्या टक्केवारीची त्रुटी ५ पेक्षा कमी, ही नेहमीची चाळणी चित्रासाठी ठीक आहे. पण पसारा मोजायचा असेल तर ३ ऐवजी ५ लावून बघा आणि उत्तर किती हलते ते नोंदवा. २० टक्क्यांहून जास्त ध्रुवीभवन दाखवणाऱ्या रेघा नकाशाच्या कडेला असतील तर त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. प्लँकला अख्ख्या आकाशात सापडलेली कमाल पातळीच साधारण तेवढी आहे. पोल-२ च्या नकाशात मधल्या ३ आर्कमिनिट व्यासाच्या भागातच नॉइज सारखा असतो, बाहेर वाढत जातो. त्यातच जमिनीवरून घेतलेल्या नकाशात वातावरण वजा करताना पसरट उजेडही वजा होतो, आणि तो एकूण तीव्रतेतून जास्त गेला की टक्केवारी खोटी वाढते.

आणि कोनांची सरासरी काढू नका, कधीच. १७९ अंश आणि १ अंश या दोन रेघांमध्ये फरक फक्त २ अंशांचा आहे, पण साधी सरासरी ९० येते, म्हणजे दोन्हींना काटकोनात. सरासरी हवी असेल तर क्यू आणि यू यांची घ्या आणि मग कोन काढा. फरक हवा असेल तर तो –९० ते +९० मध्ये दुमडा.

आता ताकदीकडे. धुळीचे कण क्षेत्र किती जोरदार आहे हे थेट सांगत नाहीत. १९५१ मध्ये डेव्हिस आणि १९५३ मध्ये चंद्रशेखर व फर्मी यांनी सुचवलेली युक्ती अजून वापरात आहे. ती मिरजेच्या तंबोऱ्यावरून सहज समजते. तार कसलेली असेल तर बोट लागल्यावर थोडीच सरकते, ढिली असेल तर भरपूर लवते. तार किती लवली (कोनांचा पसारा), बोटाचा जोर किती (वायूचा खळबळीचा वेग) आणि तार किती जड (वायूची घनता) हे तिन्ही कळले की ताण काढता येतो. चुंबकीय बलरेषा ही इथे तार. सोयीचे रूप असे:

क्षेत्र (मायक्रोगाउस) = ९.३ × √घनता × रेषारुंदी ÷ पसारा

घनता म्हणजे हायड्रोजन रेणू प्रति घन सेंमी, रेषारुंदी म्हणजे अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी किमी/से मध्ये, पसारा अंशांत. ०.५ हा दुरुस्तीचा गुणक ९.३ मध्ये आधीच धरलेला आहे, तो पुन्हा लावू नका. संगणकावरच्या प्रतिरूपांवरून हा गुणक आला आणि तो पसारा साधारण २५ अंशांच्या आत असेल तरच लागू पडतो. पसारा वाढत ५२ अंशांकडे गेला तर रेघा निव्वळ यादृच्छिक आहेत, तिथे सूत्राला अर्थ राहत नाही.

तुमची सर्वांत मोठी गफलत पसाऱ्यात आहे, कारण ती दिसत नाही. तंतूच्या बाजूने क्षेत्र स्वतःच हळूहळू वळते. तो वळसा खळबळीचा नाही, म्हणून तो काढून टाकायला चौकट फिरवायची असते: चौकटीतली सरासरी दिशा वजा करायची आणि उरलेल्या फरकांचा पसारा मोजायचा. पण ४ आर्कसेकंदांचे तीन पिक्सेल म्हणजे १२ आर्कसेकंद. तुमची अख्खी चौकट १४.१ आर्कसेकंदांच्या बीमपेक्षा लहान आहे! तिच्यातल्या नऊ रेघा नऊ वेगळी मोजमापे नाहीत, एकच मोजमाप नऊदा लिहिल्यासारखे आहे. साहजिकच त्या एकमेकींशी जुळतात आणि पसारा ६ अंश येतो. नकाशा १२ आर्कसेकंदांच्या पिक्सेलवर आणा. पोल-२ चा नकाशा बनवणाऱ्या पोल-टू-मॅप या आज्ञेत त्यासाठी बिनसाइझ हा पर्याय आहे. हाताशी फक्त तयार नकाशा असेल तर क्यू, यू आणि एकूण तीव्रता तिन्ही वेगवेगळे ३ × ३ ने एकत्र करा, त्रुटीही नव्याने काढा. मग ३ × ३ ची चौकट ३६ आर्कसेकंदांची, म्हणजे अडीच बीम होईल. चौकटीत निदान पाच रेघा नसतील तर तो बिंदू सोडा. ५ × ५ लावून पसारा एकदम वाढला तर क्षेत्राचा वळसाच पसाऱ्यात शिरतो आहे असे समजा.

अशा मोजणीत पसारा, समजा, १४.२ अंश आला आणि रेघांची सरासरी त्रुटी ५.७ असली, तर खरा पसारा दोहोंच्या वर्गांच्या वजाबाकीचे वर्गमूळ, म्हणजे १३ अंश. (हा आणि पुढचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या मेघाचे तुम्हाला मोजावे लागतील, पण या घरातलेच येतील.)

दुसरी वाट जास्त खात्रीची आहे, वेळ असेल तर तीही करा. रेघांच्या प्रत्येक जोडीतले अंतर आणि कोनातला फरक काढा, अंतरानुसार फरकांच्या वर्गांची सरासरी घ्या. मोठ्या वळशामुळे ही सरासरी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बीमहून मोठ्या, पण दोन-तीन बीमच्या आतल्या अंतरांवर वक्र बसवून शून्य अंतराकडे वाढवा. तिथे उरते ती खळबळ, मोजमापाच्या त्रुटीचा वर्ग वजा करून. हा उरलेला भाग रेडियनमध्ये ब असेल, तर खळबळीच्या क्षेत्राचे नियमित क्षेत्राशी प्रमाण ब ÷ √(२ – ब²). चौकटीच्या आकाराचा प्रश्न इथे येत नाही, म्हणून हे उत्तर चौकटीच्या उत्तराशी जुळले तर दोन्हींवर भरवसा वाढतो.

रेषारुंदी. १३-सीओ हा तंतूच्या आतला वायू नाहीच. दाट थंड गाभ्यात कार्बन मोनॉक्साइड धूलिकणांवर गोठून बसतो आणि जो उरतो त्याची रेषा इतकी गडद होते की तुम्हाला बाहेरच्या, जास्त खवळलेल्या आवरणाचाच वेग दिसतो. धुळीचे कोन आतले आणि वेग बाहेरचा, अशी बेमेळ जोडी झाली आहे. ८५० मायक्रोमीटरची धूळ जिथून येते तिथलाच वायू हवा: एन-टू-एच-प्लस, अमोनिया किंवा निदान सी-१८-ओ. जवळच्या बऱ्याच मेघांचे अमोनियाचे नकाशे ग्रीन बँक अमोनिया सर्वेक्षणात खुले आहेत, त्यांतून वायूचे तापमानही मिळते. एन-टू-एच-प्लसची ९३ गिगाहर्ट्झची रेषा सात उपरेषांत फुटलेली असते. त्यांच्या जुडग्यावर एकच गॉशियन बसवली तर रुंदी दुप्पट-तिप्पटही येऊ शकते, सातही एकत्र बसवा. वर्णपट पिक्सेल-पिक्सेलचा घ्या. अख्ख्या तंतूचा सरासरी वर्णपट घेतला तर तंतूच्या लांबीभर वेग सरकतो, तोही रुंदीत मिसळतो. शेवटी उष्णतेचा भाग वजा करा. १५ केल्विनला एन-टू-एच-प्लससाठी तो ०.१५ किमी/से आहे, म्हणून ०.७२ मोजले तर ०.७० उरते. तुमच्या २ च्या जवळपास एकतृतीयांश.

घनता हा तिसरा पाय, आणि खरे तर सर्वांत कच्चा. वर्गमूळ असल्यामुळे तिची चूक अर्धीच दुखावते एवढेच बरे. ८५० मायक्रोमीटरला १०० मिलिजॅन्स्की प्रति बीम, १५ केल्विन आणि अपारदर्शकता ०.०१२५ चौरस सेंमी प्रति ग्रॅम (यात वायू-धूळ गुणोत्तर १०० धरलेले आहे) घेतले तर स्तंभघनता सुमारे १ × १०^२२ येते. तेच तापमान १० केल्विन धरले की दुपटीहून थोडी जास्त. म्हणजे तापमानाचा अंदाज चुकला तर पुढचे सगळे चुकते. तापमान अमोनियातून किंवा हर्शेल अवकाश दुर्बिणीच्या नकाशांतून घ्या, मनाने धरू नका. इथे पोल-२ ची एक जागा आहे जिथे हमखास घसरतात: पिकोवॉटचे जॅन्स्की करताना स्कुबा-२ या मूळ कॅमेऱ्याचा गुणक १.३५ ने वाढवावा लागतो, कारण पोल-२ ची उपकरणे वाटेत आली की प्रकाश कमी होतो. टक्केवारी आणि कोन हे भागाकार असल्यामुळे त्यांत ही चूक दिसत नाही. स्तंभघनतेत मात्र ती तशीच उतरते. शिवाय ८५० च्या पट्ट्यात कार्बन मोनॉक्साइडची ३४६ गिगाहर्ट्झची रेषाही बसते. आदिताऱ्यांच्या झोतांजवळ ती एकूण तीव्रता फुगवते आणि ध्रुवीभवन कमी दाखवते.

शिखरावरची स्तंभघनता घेऊ नका. ज्या भागातल्या रेघा पसाऱ्यासाठी घेतल्या, त्याच भागाची सरासरी घ्या. समजा ती १.५ × १०^२२. तंतूची खोली त्याच्या रुंदीइतकीच, ०.१ पार्सेक (३.१ × १०^१७ सेंमी) मानली तर घनता ५० हजार येते. वस्तुमान काढताना हायड्रोजन रेणूमागे २.८ प्रोटॉन-वस्तुमाने धरा, २.३३ हा आकडा प्रत्येक मुक्त कणामागचा आहे. दोन्ही मिसळले की घनता सहाव्या हिश्श्याने हलते.

आता पुन्हा सूत्र: ९.३ × √५०,००० × ०.७ ÷ १३ = ११२ मायक्रोगाउस. फुगवटा कुठून आला तेही मोजता येते: रेषारुंदीमुळे २.९ पट, पसाऱ्यामुळे २.२ पट, घनतेमुळे १.४ पट, गुणाकार पावणेनऊ. वस्तुमान-प्रवाह गुणोत्तर आता १.०, म्हणजे क्रांतिकाच्या उंबरठ्यावर. तारे जन्मणाऱ्या तंतूला हे शोभते. (साताऱ्यात होकायंत्र हलवणारे पृथ्वीचे क्षेत्र ०.४ गाउसच्या आसपास असते. मेघातले त्याच्या साडेतीन हजाराव्या हिश्श्याहून किंचित कमी, आणि तरी ते अनेक सूर्यांच्या वस्तुमानाचा वायू तोलून धरण्याच्या जवळ येते.)

त्रुटी लिहिताना घनता ५० टक्के अनिश्चित धरली तर वर्गमूळामुळे २५, रेषारुंदी १०, पसारा १५, मिळून ३१ टक्के. म्हणून ११० ± ३५. पण ही फक्त मोजमापाची त्रुटी झाली, पद्धतीची वेगळी. दृष्टिरेषेत एकामागे एक असलेले खळबळीचे अनेक तुकडे एकमेकांना पुसतात, बीमच्या आतली गुंतागुंत सपाट होते, आणि दोन्हींमुळे पसारा खरा असतो त्याहून कमी दिसतो, क्षेत्र जास्त. २०२१ मध्ये स्कॅलिडिस आणि तासिस यांनी वायू दाबला जातो हे गृहीत धरून वेगळे सूत्र मांडले. त्यात पसाऱ्याचे वर्गमूळ येते. वरचेच आकडे त्यात घातले तर ७६ मायक्रोगाउस येते. दोन्ही लिहा, आणि खरे मूल्य दुपटीच्या फरकात कुठेही असू शकते असे स्पष्ट म्हणा. गुणोत्तर १.० आणि १.५ यांतून 'क्षेत्र जिंकते की गुरुत्वाकर्षण' याचा निकाल या एका मेघावरून लागत नाही.

परीक्षक नक्की विचारतील असा एक मुद्दा: पुष्कळ निबंधांत क्षेत्र काढून झाल्यावर त्यातून आल्फ्वेन वेग (बलरेषांवरून लाटा धावण्याचा वेग) आणि आल्फ्वेन मॅक संख्या (खळबळीचा वेग भागिले आल्फ्वेन वेग) काढून 'खळबळ क्षेत्रापेक्षा दुबळी आहे' असा निष्कर्ष लिहिलेला असतो. या पद्धतीत ती मॅक संख्या म्हणजे रेडियनमधला पसारा भागिले ०.५, याखेरीज काहीच नाही. इथे ०.२२७ ÷ ०.५ = ०.४५. घनता आणि वेग दोन्ही छेदले जातात. म्हणून तिला स्वतंत्र पुरावा म्हणू नका.

ध्रुवीभवनाची टक्केवारी गाभ्याकडे घटत जाते, तेही तुम्हाला दिसले असेल. कण रांगेत आणायला प्रकाशाचा धक्का लागतो आणि तो प्रकाश गाभ्यात पोचत नाही, हे खरे कारण आहे. पण तेवढेच नाही. क्यू-यू चा नॉइज सगळीकडे सारखा असताना सिग्नल-नॉइज ३ ची चाळणी लावली, की अंधुक भागात फक्त जास्त टक्केवारीच्या रेघाच तगतात, आणि टक्केवारी तीव्रतेच्या व्यस्त प्रमाणात घटते असा आलेख आपोआप तयार होतो. घटीचा घात १ च्या जवळ आला तर निष्कर्ष काढण्याआधी चाळणी न लावता, नॉइजचे वितरण धरून वक्र बसवा. बहुतेक वेळा घात ०.५ च्या दिशेने खाली सरकतो, म्हणजे गाभ्यातही काही कण रांगेत आहेत. तो सरकला नाही तर गाभ्यातल्या रेघा आवरणाच्या आहेत असे समजून त्या पसाऱ्यातून वगळा.

लॅपटॉप पुरेल, एक काम सोडून. प्लँकच्या ३५३ गिगाहर्ट्झच्या पूर्ण नकाशाची फाइल सुमारे २ जीबीची आहे, कारण तिच्यात दहा स्तंभ आहेत. हीलपायने फक्त पहिले तीन वाचा, आपल्या मेघाभोवतीचा तुकडा कापून वेगळा साठवा, मूळ फाइल बंद करा. ध्रुवीभवनासाठी २०१८ च्या प्रकाशनातला फक्त ध्रुवण-संवेदी शोधकांचा नकाशा घ्या. टक्केवारी काढण्याआधी एकूण तीव्रतेतून दूरच्या दीर्घिकांच्या अवरक्त पार्श्वभूमीचा भाग (०.१३ मेगाजॅन्स्की प्रति स्टरेडियन) वजा करा, नाहीतर विरळ भागात टक्केवारी कमी दिसेल. क्यू-यू १० आर्कमिनिटांपर्यंत मऊ केले तर नॉइज बराच उतरतो. रेघा काढणे, जोड्यांचे फरक, वर्णरेषा बसवणे हे सगळे काही मिनिटांचे काम आहे. पोल-२ चा कच्चा डेटा स्टारलिंक या जेसीएमटीच्या सॉफ्टवेअरमधून नव्याने काढणे मात्र ८ जीबीवर टाळा. बिस्ट्रो या पोल-२ च्या मेघ-सर्वेक्षणात एकेका मेघावर १४ तासांची निरीक्षणे आहेत. ती एकत्र करताना मेमरी संपते आणि प्रोग्रॅम अर्ध्यात थांबतो. निबंधांसोबत दिलेले तयार नकाशे वापरा. कच्च्यापासूनच करायचे असेल तर तुमच्या मार्गदर्शकांमार्फत पुण्याच्या आयुकात विचारा, ते विद्यापीठांसाठीच उभारलेले केंद्र आहे.

तयार नकाशा घेताना त्याच्या शीर्षकात तीन नोंदी शोधा: पिक्सेलचा आकार, उपकरणाच्या स्वतःच्या ध्रुवीभवनाची कोणती दुरुस्ती वापरली (जानेवारी २०१८ ची किंवा त्यानंतरची असावी), आणि एकक पिकोवॉट आहे की जॅन्स्की. प्रबंधाच्या परिशिष्टात रेघांचा तक्ता देताना नुसते कोन आणि टक्केवारी देऊ नका. प्रत्येक जागेचे एकूण तीव्रता, क्यू, यू आणि तिन्हींच्या त्रुटी द्या, म्हणजे उद्या कोणाला वेगळी चाळणी किंवा वेगळी चौकट लावून बघायची असेल तर तुमच्याच तक्त्यावरून बघता येईल.